सायकल आपल्या मापाची, की आपण सायकलच्या मापाचे?

आजचा भाग सायकलवर आहे, पण रेसच्या नाही. ऑफिसला, क्लासला, कोपऱ्यावरून दूध आणायला लागते ना, त्या सायकलवर. परवा एका मित्रासोबत दुकानात गेलो होतो. दुकानदारानं त्याला एकच माप विचारलं: बजेट किती? उंची नाही, पाय किती लांब नाही, रोज कुठल्या रस्त्यानं जाणार तेही नाही. अशी घेतलेली सायकल दोन महिन्यांत गॅलरीत धूळ खात उभी राहते आणि माणूस म्हणतो, 'आपल्याला नाही जमत बुवा सायकल.'

गंमत अशी, की सायकलच्या इतिहासात एक काळ मापाशिवाय सायकल घेताच येत नव्हती. १८७० च्या दशकातली ती उंच सायकल चित्रात पाहिली असेल: पुढे अवाढव्य चाक, मागे चिमुकलं. तिला चेन नव्हती, पेडल थेट पुढच्या चाकाला. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्यामुळे चाक मोठं तर वेग जास्त. मग किती मोठं घ्यायचं? पाय पुरतील तेवढं. म्हणजे शिंप्याकडे पँट शिवायला टाकल्यासारखंच, पायाच्या मापानं. तोंडावर आपटायची सोय मात्र सगळ्यांना सारखी.

१८८५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' आणली. चेन मागच्या चाकाला, आणि दोन्ही चाकं जवळपास सारखी. आता वेग दातांच्या हिशोबावर गेला, चाकाचा आकार पायापासून सुटला. जुनं युनिट मात्र टिकलं, आमच्या कोडमध्ये दहा वर्षांपूर्वीचा व्हेरिएबल कोणी काढत नाही तसं. त्याचं नाव 'गिअर इंच'. पुढे ४४ दात, मागे १८, चाक २८ इंची: ४४ भागिले १८ गुणिले २८, म्हणजे साधारण ६८. ६८ इंच व्यासाचं उंच चाक चालवल्याइतका वेग! इतक्या लांब तंगड्या कोणाच्या असतात?

आता टायर. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. मुलाच्या तीनचाकीला त्यांनी हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. (रॉबर्ट थॉमसन यांनी हीच कल्पना १८४० च्या दशकात नोंदवली होती, त्यामुळे डनलॉपचं पेटंट पुढे टिकलं नाही.) १८८९ मध्ये विली ह्यूम हा रेसर ते गुबगुबीत टायर लावून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला. लोक हसले. तो जिंकला. हे लक्षात ठेवा: हवेच्या टायरचा पहिला मोठा विजय आरामाचा नव्हता, वेगाचा होता. कडक चाक प्रत्येक खड्ड्यावर उडतं आणि पुढे जायची ताकद वर-खाली उडण्यात वाया जाते. मऊ टायर खड्डा गिळतं.

तरी पुढे रेसवाल्यांना बारीक टायरचं वेड लागलं. १९९० च्या दशकात २३ मिलिमीटर, काही त्याहून बारीक. मागच्या दहा-पंधरा वर्षांत तेच रेसर २५ वर आले, मग २८ वर. म्हणजे सव्वाशे वर्षं फिरून ह्यूमच्या बाजूला.

आणि आपल्याकडे? मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस, सोनीपतला ॲटलस, लुधियानात हीरो. सगळ्यांनी वर्षानुवर्षं बनवली ती इंग्रजी धाटणीची काळी सायकल. टायर २८ बाय दीड इंच, म्हणजे रुंदी ४० मिलिमीटरच्या आसपास. आज 'ग्रॅव्हल बाइक' म्हणून महागडी सायकल विकतात, तिचं टायर साधारण तेवढंच! हँडलची नळी जास्त तिरकी, दोन चाकांत अंतर भरपूर, त्यामुळे कच्च्या रस्त्यावरही हात झिणझिणत नाहीत. चढावर मात्र उतरून ढकलायची.

पण मापाच्या बाबतीत या सायकलनं आपल्यावर अन्यायच केला. फ्रेम बहुतेक २२ किंवा २४ इंची. २२ इंचीचीसुद्धा वरची नळी जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या वर. साडेपाच फुटी माणूस त्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून नीट उभा राहू शकत नाही. म्हणून एक पाय पेडलवर ठेवून, चार उड्या मारून टांग टाकायची. आणि पोरांनी नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारायचं. आपण याला बालपणीची मजा म्हणतो. खरं तर ती फ्रेम न बसल्याची तडजोड होती. मुलींसाठी खाली वाकलेल्या नळीची 'लेडीज' सायकल निघाली, तीही साडीस्कर्टचा विचार करून. उंचीचा विचार तिथेही नव्हताच.

आता तुम्ही घरच्या घरी काय मोजाल? भिंतीला टेकून, पायांत पुस्तक घट्ट धरून जांघेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. समजा ७८ सेंटिमीटर. १९६७ च्या हॅम्ली आणि थॉमस यांच्या अभ्यासानुसार त्याच्या १०९ टक्के, म्हणजे ८५ सेंटिमीटर, हे सगळ्यात खाली असलेल्या पेडलच्या दांड्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. दुसरं सूत्र ग्रेग लेमाँड यांच्यामुळे गाजलं: ०.८८३ नं गुणा, ६८.९ येतं, पण हे पेडलच्या मधल्या ॲक्सलपासून. त्यात १७ सेंटिमीटरचा क्रँक मिळवा: ८५.९. दोन वेगळे रस्ते, फरक सेंटिमीटरभर. तिथून पुढे आपला गुडघा काय म्हणतो ते ऐका.

सीट वर-खाली होते, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेम ठरवते. ते दुकानातच बसून बघा. कोपर ताठ होत असेल किंवा मनगटावर भार येत असेल, तर दुसरा साइज मागा. आणि टायरच्या कडेला लिहिलेला आकडा वाचा. ४०-६३५ दिसला तर ४० ही रुंदी आणि ६३५ हा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ती काळ्या सायकलची जात. ४०-६२२ दिसला तर नवी ग्रॅव्हल. ही टायरं एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत, तेवढं पंक्चरवाल्याकडे जायच्या आधी बघून ठेवा.