फ्राउनहोफर रेषा

फ्राउनहोफर रेषा या सूर्यप्रकाशाच्या अखंड वर्णपटात दिसणाऱ्या काळ्या रेषा होत. सूर्याच्या वातावरणातील अणू आणि आयन ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे त्या निर्माण होतात. विल्यम वॉलस्टन यांना १८०२ मध्ये अशा काही रेषा आढळल्या होत्या. जर्मन प्रकाशशास्त्रज्ञ योझेफ फॉन फ्राउनहोफर यांनी १८१४ पासून त्यांचे पद्धतशीर मापन केले आणि ठळक रेषांना अक्षरे दिली. त्यांचे कारण १८५९ मध्ये गुस्टाफ किर्शहोफ यांनी स्पष्ट केले. सर्वच रेषा मात्र सूर्याच्या नाहीत. ए आणि बी या रेषा पृथ्वीच्या वातावरणातील ऑक्सिजनमुळे उमटतात.

निर्मिती

सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाला दीप्तिगोल म्हणतात. हा घन पृष्ठभाग नसून काहीशे किलोमीटर जाडीचा वायूचा थर आहे. त्यात वर जावे तसे तापमान घटते आणि सुमारे ५०० किमी उंचीवर ते ४,४०० केल्विनच्या आसपास येते. रेषेच्या तरंगलांबीला वायू अधिक अपारदर्शक असतो. त्यामुळे त्या तरंगलांबीचा जो प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो, तो वरच्या, थंड थरातून आलेला आणि म्हणून मंद असतो. रेषा काळी दिसते ती शेजारच्या प्रखर प्रकाशाच्या तुलनेत; तेथे प्रकाशाचा पूर्ण अभाव नसतो. खग्रास सूर्यग्रहणात दीप्तिगोल झाकला जाताच यांतील अनेक रेषा क्षणभर तेजस्वी दिसतात. चार्ल्स यंग यांनी १८७० च्या ग्रहणात हे प्रथम पाहिले.

रेषांची तीव्रता

ठळक रेषा म्हणजे मुबलक मूलद्रव्य, हा समज चुकीचा आहे. दृश्य वर्णपटाच्या जांभळ्या टोकाकडील कॅल्शियमच्या एच (३९६.८ नॅनोमीटर) आणि के (३९३.४ नॅनोमीटर) या रेषा हायड्रोजनच्या रेषांपेक्षा ठळक आहेत, प्रत्यक्षात सूर्यावर कॅल्शियमच्या एका अणूमागे हायड्रोजनचे चार लाखांहून अधिक अणू आहेत. हायड्रोजनच्या दृश्य रेषा उमटण्यासाठी अणू आधीच दुसऱ्या ऊर्जापातळीवर असावा लागतो. त्यासाठी १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, आणि दीप्तिगोलाच्या तापमानाला कोट्यवधी अणूंत एखादाच तेथे पोहोचतो. कॅल्शियमचे बहुतेक अणू मात्र एक इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि एच व के या रेषा अशा आयनांच्या न्यूनतम पातळीवरूनच उमटतात.

तापमान, दाब आणि आयनीभवन यांचा हा संबंध मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये समीकरणात मांडला. त्याच्या आधारे सिसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात ताऱ्यांमध्ये हायड्रोजन प्रचंड प्रमाणात असल्याचे दाखवले. हेन्री नॉरिस रसेल यांच्या आक्षेपामुळे त्यांनी तो निष्कर्ष बहुधा वास्तव नसल्याचे नमूद केले. १९२९ मध्ये रसेल स्वतः वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षाला पोहोचले.