गच, गिलावा आणि पेच

गच्चीवर आपण पापड वाळवतो, पतंग उडवतो, ईदचा चांदही शोधतो. पण ‘गच्ची’ या शब्दाकडे आपलं लक्ष जात नाही. फारसीत ‘गच’ म्हणजे जिप्समचा किंवा चुन्याचा गिलावा. गच घालून पक्की केलेली जागा ती गच्ची. ‘गिलावा’ही तिकडचाच, त्यातला ‘गिल’ म्हणजे माती. ती माती कालवणारा मजूर, ती भिंतीवर चढवणारा कारागीर हे शब्दही फारसीतून मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. ‘पेच’ही त्याच वाटेनं आला. मराठीत पेच म्हणजे आट्यांचा खिळा, आणि पेच म्हणजे अडचणही. मला सध्या दोन्ही अर्थांनी पेच पडला आहे.

घरातल्या मोठ्या खोलीत जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घालून आईसाठी वेगळी खोली काढायची आहे. काम छोटं आहे, दोघांत होण्यासारखं. आखातात बरीच वर्षं इमारतींच्या कामावर राहून आलेल्या एका मित्रानं सल्ला दिला, ‘ऑटो-फीड स्क्रू गन घे. काम झटपट होईल.’ या गनमध्ये प्लास्टिकच्या पट्टीत ओळीनं बसवलेले स्क्रू घालतात. गन बोर्डावर दाबली की एक स्क्रू आत जातो आणि पुढचा आपोआप जागेवर येतो. साध्या गनमध्ये प्रत्येक स्क्रू हातानं बिटावर लावावा लागतो. किंमत पाहिली आणि मनात प्रश्न आला: ही घाई नेमकी कोणाची? त्याचं उत्तर शोधायचं तर भिंतीच्या इतिहासात शिरावं लागतं.

भिंत लवकर उरकण्याची घाई फार जुनी आहे. 836 मध्ये अब्बासी खलिफा अल-मुअतसिम यानं बगदाद सोडून टायग्रिस नदीच्या काठी समारा ही नवी राजधानी वसवली. मैलोन् मैल पसरलेले महाल, मशिदी, छावण्या. भिंती विटांच्या आणि मातीच्या, पण त्यांच्यावर जिप्समचं नक्षीकाम. समाराच्या नक्षीच्या तीन शैली अभ्यासक सांगतात. पहिल्या दोन हातानं कोरलेल्या. तिसरीत नक्षी उतरत्या कडांची झाली, आणि ती साच्यानं उठवता येऊ लागली. एकेक पान कोरत बसण्यापेक्षा साचा दाबला की भिंतीचा मोठा तुकडा सजतो. म्हणजे ‘काम झटपट होईल’ हे वाक्य अकराशे वर्षांपूर्वीही कोणीतरी कोणाला तरी ऐकवलंच असणार.

आपल्याकडचं उदाहरण औरंगाबादचं. सतराव्या शतकातला बीबी का मकबरा दिलरस बानू बेगमच्या स्मरणार्थ उभा राहिला. प्रवेशद्वारावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपतराय अशी दोन नावं आहेत. इमारतीच्या खालच्या भागाला आणि घुमटाला संगमरवर आहे. मधल्या बऱ्याच भागात काळ्या दगडावर बारीक गिलावा आणि त्यावर नक्षी. लोक त्याला ‘गरिबांचा ताज’ म्हणून हिणवतात. मला तो गिलावाच पाहावासा वाटतो. संगमरवर परवडत नाही तिथे माणसाचा हात किती पुढे जाऊ शकतो, हे त्या भिंतीवर दिसतं.

हा हात बाजूला सारणारी गोष्ट अमेरिकेत झाली. तिथली घरं लाकडाच्या सांगाड्याची. सांगाड्यावर लाकडी पट्ट्या ठोकायच्या, त्यांवर गिलाव्याचे थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा. कुशल गवंडी लागायचा आणि आठवडे जायचे. 1894 मध्ये ऑगस्टीन सॅकेट यांनी कागद आणि जिप्सम यांचे थर देऊन बनवलेल्या फळीचं पेटंट घेतलं. सुरुवातीला ही फळी फक्त लाकडी पट्ट्यांची जागा घ्यायची. वर गिलावा होताच. 1909 मध्ये युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीनं सॅकेट यांचा धंदा विकत घेतला. पुढे दोन कागदांच्या मधे जिप्समचा एकच थर असलेला बोर्ड आला, ‘शीटरॉक’ नावानं. आता वरच्या गिलाव्याचीही गरज उरली नाही. ओलं काम गेलं, म्हणून नाव पडलं ‘ड्रायवॉल’, कोरडी भिंत.

तरी लोकांनी ती लगेच स्वीकारली नाही. गिलावा म्हणजे पक्कं घर आणि बोर्ड म्हणजे तकलादू, ही समजूत तिथेही होती. दुसऱ्या महायुद्धानं ती मोडली. माणसं कमी, बराकी आणि कारखाने तातडीनं हवेत. युद्धानंतर परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती. 1947 पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभं राहिलं. घरबांधणीचे लहान लहान टप्पे पाडले होते, एक टोळी एकच काम करायची आणि घरामागून घर पुढे सरकायची. तिथे भिंती ड्रायवॉलच्याच होत्या. पण त्याच वसाहतीच्या करारांनी कृष्णवर्णीय कुटुंबांना घर नाकारलं होतं. भिंत स्वस्त झाली म्हणून दार सगळ्यांना उघडत नाही. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली गेलेल्या आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बोर्ड आला तसा तो जोडण्याचा प्रश्न आला. आधी खिळे होते. त्यासाठी फुगीर तोंडाचा खास हातोडा असे; खिळा आत बसून बोर्डावर उथळ खळी पडावी, पण कागद फाटू नये. ती खळी लांबीनं भरायची. मात्र सांगाड्याचं लाकूड वाळून आकसलं की खिळ्यांची डोकी रंगातून बाहेर यायची. आट्यांचा स्क्रू लाकूड धरून ठेवतो. शिवाय लाकडाऐवजी पत्र्याचे सेक्शन आले, आणि पत्र्यात खिळा टिकतच नाही. म्हणून बोर्डाचा खास स्क्रू आला: डोक्याखालचा भाग तुतारीच्या तोंडासारखा वक्र, म्हणजे कागद न कापता दाब पसरतो. हेन्री फिलिप्स यांच्या 1930च्या दशकातल्या पेटंटमधली चौफुलीची खाच त्याच्या डोक्यावर असते. स्क्रू गनची खरी हुशारी वेगात नाही, तिच्या नाकात आहे. ठरवलेल्या खोलीपर्यंत स्क्रू गेला की नाक बोर्डाला टेकतं, क्लच सुटतो आणि बिट फिरायचं थांबतं. हातोड्यावर हात बसायला जी वर्षं लागायची, ती त्या नाकात बंद झाली. ऑटो-फीड ही त्याच्यापुढची पायरी. तिनं कौशल्य वाचवलं नाही, ते आधीच वाचलं होतं. तिनं फक्त स्क्रू उचलण्याचा वेळ वाचवला.

तो वेळ किती, हा हिशोब मी कागदावर मांडला. पार्टिशन दहा फूट लांब, नऊ फूट उंच, दोन्ही बाजू मिळून 180 चौरस फूट. सहा बाय चारचे आठ बोर्ड. साधारण 230 मिलिमीटरवर एक स्क्रू धरला तर बोर्डाला पस्तीसच्या आसपास, म्हणजे एकूण 280. आपण 300 धरू. साध्या गननं एका स्क्रूला सात सेकंद आणि ऑटो-फीडनं दोन सेकंद धरले, तर सगळे मिळून पंचवीस मिनिटं वाचतात. त्यानंतर सांध्यांवर कागदी पट्टी, लांबीचे दोन-तीन हात, प्रत्येक हात वाळण्याची वाट, मग घासकाम. ओलं काम पूर्ण गेलेलं नाही, ते सांध्यांत शिल्लक आहे आणि त्याला घाई चालत नाही. तिथे दोन-तीन दिवस जाणारच. त्यात पंचवीस मिनिटं कुठे दिसणार?

आता हाच हिशोब दहा हजार चौरस फुटांच्या कामाला लावा. साडेचौदा हजारांवर स्क्रू आणि वीस तासांची बचत. ठेकेदाराला हे यंत्र का हवं ते इथे कळतं. मित्राचा सल्ला खोटा नव्हता, तो आखातातल्या टॉवरच्या मापाचा होता.

क्वचित काम करणाऱ्यानं म्हणून खोली ठरवता येणारी साधी स्क्रू गन घ्यावी. घरात ड्रिल असेल तर कडं असलेला बोर्डाचा बिट आणून भागवावं; तो स्वस्त असतो आणि खळी बरोबर पाडतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरनं मात्र कागद चटकन फाटतो. ऑटो-फीडच्या बाजूनं एक मुद्दा खरा आहे. छताला बोर्ड लावताना एक हात बोर्ड धरण्यात अडकतो, तेव्हा स्क्रू आपोआप पुढे येणं मोठी सोय आहे. बोटं दुखणाऱ्यालाही ती सोय आहे. असं काम असेल तर गन भाड्यानं मिळते का पाहावं, किंवा साध्या गनला बसणारा पट्टीचा जोड घ्यावा. पट्ट्या मात्र प्रत्येक गनला चालत नाहीत, आणि सुट्या स्क्रूंपेक्षा महाग पडतात. आपल्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात त्या मिळतात का, हे गन घेण्याआधी विचारावं. पत्र्याच्या सेक्शनला बारीक आट्यांचे स्क्रू, लाकडाला जाड आट्यांचे.

माझा यंत्राचा पेच असा सुटला: साधी गन. दुसरा पेच सुटत नाही. ज्या कामगाराच्या हातात ऑटो-फीड गन असते, त्याचे वीस तास वाचतात तेव्हा ते जातात कोणाच्या खात्यात? त्याला अर्धा दिवस आधी सुट्टी मिळत नाही. चौरस फुटाचा दर खाली येतो आणि तेवढ्याच मजुरीत जास्त भिंत उभी राहते. समाराच्या साच्यांनी वाचवलेला वेळही नक्षीकाराला परत मिळाला असेल, असं वाटत नाही. मकबऱ्याच्या दारावर निदान दोन नावं तरी आहेत. तो गिलावा ज्यांनी घोटला त्यांचं नाव तिथेही नाही.