तक्रारीचा लेख कसा होतो

युनियनच्या कचेरीत येणारी तरुण मंडळी आम्हांला विचारतात, ‘लिहावेसे वाटते, पण विषय सुचत नाही, तुम्ही एखादा द्या.’ जणू विषय म्हणजे फडताळात ठेवलेली वस्तू! आमची शाळा सातवीत सुटली आणि लेख कसा लिहावा हे आम्हांला कोणी शिकवले नाही. पण मुंबईच्या गिरणी कामगारांचा एक जुना अर्ज वाचला, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पुष्कळसे मिळाले. आज त्याच अर्जाविषयी बोलायचे आहे.

कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ पत्र काढले. १८८० मध्ये ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे आले आणि पुढे मुंबईहून निघू लागले. लोखंडे काही पदवीधर नव्हते. रेल्वे, टपाल खाते अशा नोकऱ्या करून ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले होते. माल कधी आला, कोणी किती नेला, शिल्लक काय, हे स्टोअरकीपरला वहीत मांडावेच लागते. लोखंड्यांच्या लेखणीला हीच सवय लागली असावी, असे आमचे मत आहे.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवण्यासाठी अर्ज तयार झाला. त्यावर सुमारे ५,५०० सह्या होत्या. दर रविवारी पुरी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, कायमचा निकामी झाल्यास पोटाची तजवीज. एवढेच मागणे.

‘काम फार पडते’ हे तर चाळीतला प्रत्येक माणूस रोज म्हणत असणार. त्यात लिहिण्यासारखे काय आहे? पण तक्रारीला घड्याळ लावले की ती बोलू लागते. त्या काळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. उजाडले की साचे सुरू, अंधारले की बंद. म्हणजे उन्हाळ्याचा दिवस मोठा, म्हणून ऐन उकाड्यात कामही सर्वांत मोठे. अर्जात साडेसहाचा आकडा पडला तो यामुळे. पुढे विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांत कामाचा दिवस १५ तासांवर गेला, तेव्हा ‘सूर्यास्त’ या शब्दाचे मोल कळले!

पगाराची मागणी तर आम्ही कितीदा वाचली असेल. पहिल्या तारखेला कामावर लागलेल्याने पुढच्या १५ तारखेपर्यंत थांबावे, म्हणजे दीड महिना. मागणीच दीड महिन्याची, तर चालरीत काय असेल? त्या दीड महिन्यात तांदूळ उधार कोण देतो, व्याज कोण घेतो, गावी मनीऑर्डर कशी जाते? एका ओळीत चार लेख दडलेले आहेत. आमच्याकडे कोणी ‘पगार वेळेवर होत नाही’ एवढे लिहून पेन खाली ठेवतो, तेव्हा आम्ही एवढेच विचारतो: किती दिवस? किती जणांचा? केव्हापासून? आणि दुकानदाराला तू काय सांगितलेस? शेवटच्या प्रश्नाला गडी हसतो आणि मग लिहू लागतो.

विषय सापडला म्हणजे सगळे झाले असे मात्र नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’तच छापली गेली; पुढची छापली नाहीत. जोतीरावांना त्याचा राग आला, आणि तो रास्त होता. लोखंड्यांविषयी आमचा आदर मोठा आहे, तरी येथे आम्ही जोतीरावांच्या बाजूचे आहोत.

असो. रविवारची मागणी लोखंड्यांनी सोडली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी कबूल केली. १८९१ च्या कायद्यात ती आली. परळच्या त्या गिरण्या आता गेल्या, रविवार राहिला.

त्या एप्रिलच्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. विषय हवा असलेल्यांनी त्यांच्यापासून सुरुवात करावी. रविवारी साचे बंद राहिले, तरी घरची चूल बंद राहिली नसेल. मग आठवड्याचे धुणे, दळण, पाणी कोणत्या दिवशी होई? सुट्टीच्या दिवशी घरात कोण बसे आणि कोण उठे? ज्यांच्या आजी-पणजी गिरणीत होत्या अशी घरे या गावातही असतील. तेथे विचारावे, आणि जाताना वही न्यावी.