व्हॉदव्हिल ते हॉलिवूड : नर्तक बिल रॉबिन्सन यांच्या उत्कर्षाचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन रंजनसृष्टीत ‘बोजँगल्स’ या नावाने ख्यातकीर्त झालेले टॅप नर्तक बिल रॉबिन्सन (१८७८-१९४९) यांचा जीवनप्रवास सामान्यतः यशोगाथा म्हणून सांगितला जातो. व्हॉदव्हिलच्या रंगमंचापासून हॉलिवूडच्या संगीतपटांपर्यंत त्यांची कीर्ती वाढत गेली, हे निर्विवाद आहे. तथापि कीर्तीबरोबर कलावंत म्हणून त्यांचे स्वातंत्र्यही वाढले काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे तपासावा लागतो. त्यांच्या सुप्रसिद्ध जिन्यावरील नृत्याच्या आधारे प्रस्तुत लेखात हा विचार केला आहे.

रंगमंचावरील एकल स्थान

गायन, नृत्य, नकला, कसरती अशा परस्परांशी संबंध नसलेल्या छोट्या प्रयोगांची एका तिकिटात सादर होणारी मालिका म्हणजे व्हॉदव्हिल. नाट्यगृहांच्या साखळ्यांमार्फत हे कलावंत शहरोशहरी फिरत. व्हर्जिनियातील रिचमंड येथे जन्मलेले आणि बालपणीच पोरके झालेले रॉबिन्सन या व्यवसायात आले, तेव्हा कृष्णवर्णीय कलावंताने गोऱ्या प्रेक्षकांपुढे एकट्याने न येता जोडीनेच यावे, असा दंडक होता. त्यामुळे १९०२ पासून सुमारे बारा वर्षे त्यांनी जॉर्ज कूपर यांच्यासमवेत काम केले. जोडी फुटल्यानंतर व्यवस्थापक मार्टी फॉर्किन्स यांच्या साहाय्याने ते एकल नर्तक म्हणून उभे राहिले. हा दंडक मोडणाऱ्या आरंभीच्या कलावंतांत त्यांची गणना होते.

१९१८ च्या सुमारास जिन्यावरील नृत्य आकारास आले. लाकडी तळव्यांचे बूट घालून पायऱ्या चढता-उतरता प्रत्येक पायरीतून निराळा नाद काढणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. शरीराचा भार सपाट पावलाऐवजी चवड्यांवर तोलल्यामुळे त्यांच्या नृत्यास हलकेपणा व ताल स्पष्टता लाभली. १९२८ मध्ये ‘ब्लॅकबर्ड्‌स’ या ब्रॉडवेवरील प्रयोगाने पन्नाशीतील रॉबिन्सन यांना व्यापक लौकिक मिळवून दिला.

पडद्यावरील अटी

कृष्णवर्णीय नटसंचाच्या ‘हार्लेम इज हेवन’ (१९३२) या चित्रपटात हे नृत्य त्यांनी एकट्याने सादर केले. ‘द लिटल कर्नल’ (१९३५) या हॉलिवूडच्या चित्रपटात मात्र तेच नृत्य घरगड्याच्या भूमिकेतून, मालकाच्या नातीला झोपावयास नेण्यासाठी केले जाते. बालतारका शर्ली टेंपल हिचा हात धरून ते जिना चढतात. हा साधा स्पर्शही वर्णभेदी समाजास मानवला नाही; दक्षिणेकडील काही भागांत ते दृश्य वगळण्यात आले. त्याच वर्षीच्या ‘द लिटलेस्ट रेबेल’मध्ये त्यांच्या वाट्याला गुलामाची भूमिका आली.

१९३६ च्या ‘स्विंग टाइम’मध्ये फ्रेड अस्टेअर यांनी ‘बोजँगल्स ऑफ हार्लेम’ हे नृत्य चेहरा काळा रंगवून सादर केले. अस्टेअर हेही व्हॉदव्हिलमधूनच आले होते. परंतु ते नायक होते आणि ज्यांच्या नावाने हे नृत्य रचले गेले, ते रॉबिन्सन सेवकाच्या भूमिकांत अडकले होते. रॉबिन्सन यांना मोठ्या स्टुडिओच्या चित्रपटात नायकपद लाभले ते ‘स्टॉर्मी वेदर’मध्ये (१९४३), वयाच्या पासष्टाव्या वर्षी, तेही केवळ कृष्णवर्णीय नटसंच असलेल्या चित्रपटात.

निष्कर्ष

रंगमंचावर रॉबिन्सन यांनी एकट्याने उभे राहण्याचा हक्क मिळविला होता. चित्रपटाने प्रेक्षकसंख्या अनेक पटींनी वाढविली. परंतु त्या बदल्यात हा हक्क मोठ्या प्रमाणात काढून घेतला. नृत्य तेच राहिले, नर्तकाचे स्थान मात्र बदलले. १९८९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्यांचा जन्मदिवस, २५ मे, राष्ट्रीय टॅप नृत्य दिन म्हणून मान्य केला. या गौरवाचे मोल कमी नाही. परंतु कलावंताचा उत्कर्ष केवळ प्रसिद्धीने न मोजता, ती कोणत्या अटींवर मिळाली याचाही विचार इतिहासलेखनात व्हावयास हवा, हेच या प्रवासावरून स्पष्ट होते.