खोटा म्हणून ठेवलेला रुपया



आमच्या मंगळवेढ्याच्या घरी दिवाळीत वहीपूजनाच्या पाटावर चांदीचे जुने रुपये मांडतात. एक रुपया मात्र डब्यातच राहायचा. सासूबाई म्हणायच्या, "तो खोटा आहे, पाटावर नको." आजेसासऱ्यांना तो ज्वारीच्या व्यवहारात मिळाला होता. तेव्हा मंगळवेढा सांगली संस्थानात होतं, पण बाजारात रुपया इंग्रजांचाच चाले. खोटा वाटल्यावर त्यांनी तो पुढे कुणालाच दिला नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे, म्हणजे नकली वस्तू खरी म्हणून खपवणं. तेवढ्यासाठी त्यांनी रुपयाचा तोटा सोसला. घरात मात्र "आजोबा फसले" हीच गोष्ट राहिली.

यंदा तो रुपया मी भिंगाखाली धरला. एका बाजूला सातव्या एडवर्डचं बिनमुकुटाचं डोकं. दुसऱ्या बाजूला साल, कमळाच्या वेलीऐवजी तेच डोकं, पण आत खोल गेलेलं आणि उलटं, आरशात दिसावं तसं.

टांकसाळीत दोन ठशांमध्ये चांदीची चकती ठेवून दाब देतात. कधी आधीचं नाणं वरच्या ठशालाच चिकटून राहतं. मग पुढच्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचा छाप उमटतो. ही टांकसाळीतली चूक, लबाडी नव्हे.

मग तपासायचं कसं? पहिलं वजन. 1835 पासून इंग्रजी रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, झिजलेला थोडा कमी भरतो. आमचा 11.5 भरला. दुसरं, कडेच्या बारीक खाचा सगळीकडे सारख्या हव्यात. तिसरं महत्त्वाचं: कुणी दोन नाणी शेगड्यात दाबून असा छाप उठवला, तर मागच्या बाजूचं चित्र चेपतं. आमच्या रुपयावर एडवर्डची दाढी नीट मोजता येईल इतकी स्पष्ट आहे. माळेसाठी लावलेल्या कडीचा डाग किंवा सराफाने पारखताना मारलेली खूण ही मात्र टांकसाळीची चूक नसते. ती नंतरची इजा.

असं नाणं चिंच लावून घासू नका. घासलं की पुरावाच जातो.

सासूबाईंना सगळं दाखवलं. त्या बराच वेळ रुपया हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मामंजी फसले नव्हते."

यंदा तो रुपया पाटावर मधोमध होता.