उराकामीच्या भाविकांचे ऋण

फेब्रुवारीचा पहिला आठवडा आला की वसईकर ख्रिस्ती माणसाचे मन जपानमधील नागासाकीकडे वळते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील निशिझाका टेकडीवर २६ ख्रिस्ती जनांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन धर्मबंधू गोन्सालो गार्सिया होते. २६ पैकी २० जण जपानी होते आणि लुदोविको नावाचा मुलगा तर अवघ्या १२ वर्षांचा होता. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले. एवढा इतिहास आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असतो. परंतु नागासाकीच्या उत्तरेस असलेल्या उराकामी खोऱ्यातील ज्या शेतकऱ्यांनी पुढे दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूंविना श्रद्धा राखली, त्यांची ओळख आपल्याला फारशी नाही. त्यांच्याविषयी कृतज्ञतेने चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात बरेच दिवस होते.

१६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने सर्व जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले. जे लपून राहिले ते एकेक करून पकडले गेले. १६४४ मध्ये शेवटचे जपानी धर्मगुरू फादर कोनिशी मान्शो यांना मृत्यू आला आणि देशात मिस्साबलिदान अर्पण करणारा एकही हात उरला नाही. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिराच्या वहीत नाव नोंदविणे भाग पडले. ख्रिस्ती माणसाची खबर देणाऱ्यास बक्षीस ठरले. बाहेरून पाहणाऱ्याने म्हटले असते की जपानमधील ख्रिस्तसभा संपली.

ती संपली नव्हती. उराकामीच्या शेतकऱ्यांनी आपली व्यवस्था आपणच लावली होती. 'चोकाता' हा त्यांचा प्रमुख. सणवार व उपवासाचे दिवस सांगणारी दिनदर्शिका त्याच्या स्वाधीन असे. 'मिझुकाता' म्हणजे पाण्याचा अधिकारी. नवजात बालकाला स्नानसंस्कार देणे हे त्याचे काम. 'किकियाकु' हा निरोप्या. तो घरोघर जाऊन अमुक दिवशी सण आहे, तमुक दिवशी कष्टाचे काम वर्ज्य आहे, असे गुपचूप कळवीत असे. लॅटिन व पोर्तुगीज प्रार्थना तोंडातोंडी झिजत गेल्या. काही शब्दांचा अर्थ म्हणणाऱ्यालाही कळेनासा झाला. तरी आईने मुलीला व बापाने मुलाला त्या दिल्या. बाळाला कडेवर घेतलेल्या बौद्ध देवता कान्नोनच्या मूर्तीत त्यांनी पवित्र मरियेला पाहिले आणि तिच्यापुढे हात जोडले.

या इतिहासातील एक गोष्ट सांगताना मन अडखळते. नागासाकी परिसरात वर्षारंभी अधिकारी गावोगावी येत आणि प्रभू येशूची किंवा मरियामातेची प्रतिमा जमिनीवर ठेवून ती प्रत्येकाला पायाने तुडवायला लावीत. नकार देणे म्हणजे कैद, छळ किंवा मरण. पिढ्यान्‌पिढ्या या माणसांनी त्या प्रतिमेवर पाय ठेवला. मग घरी येऊन, दारे लावून, ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पापांगीकार ऐकण्यास धर्मगुरू नसेल तर परिपूर्ण पश्चात्ताप कसा करावा हे शिकविणारी एक छोटी पुस्तिका १६०३ मध्ये बिशप लुईस सेर्केरा यांच्या कारकिर्दीत तयार झाली होती. तिचाच आधार त्यांना होता.

सेमिनरीत आम्ही ख्रिस्तसभेचा इतिहास शिकलो तो पोप, धर्मपरिषदा, मिशनरी व हुतात्मे यांचा. प्रतिमा तुडवून रडत घरी परतणाऱ्याला त्या इतिहासात जागा नव्हती. तरुणपणी आम्हीही त्याला दुबळा म्हणून बाजूस सारले असते. आज तसे करवत नाही. निशिझाकाच्या २६ जणांनी एका सकाळी प्राण दिले. त्यांच्या साक्षीपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण दरवर्षी पडून दरवर्षी उठणाऱ्यांनी ती साक्ष पुढच्या पिढीच्या कानी घातली नसती, तर तिचे स्मरण त्या भूमीवर कोणी केले असते?

१८५० नंतरच्या दशकात जपानने परदेशी व्यापाऱ्यांना बंदरे खुली केली. पॅरिस मिशनचे फ्रेंच धर्मगुरू नागासाकीत आले आणि परदेशी वसाहतीसाठी ओउरा येथे त्यांनी चर्च उभारले. फेब्रुवारी १८६५ मध्ये त्याचे समर्पण झाले. ते ज्यांच्या नावे अर्पण झाले ते होते जपानचे २६ हुतात्मे, म्हणजे त्यांत आपले संत गोन्सालोही. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी सुमारे १५ शेतकरी स्त्रीपुरुष दाराशी आले. फादर बर्नार्ड पेटिजाँ यांनी दार उघडले व आत जाऊन गुडघे टेकले. तोच सुगिमोतो युरी नावाची एक स्त्री त्यांच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली की आम्हां सर्वांचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. मग तिने विचारले, सांता मारियाची मूर्ती कोठे आहे? मूर्तीपुढे येताच त्या मंडळींना आनंद आवरेना. मरियामातेच्या हातांत येशूबाळ होते. आपण नाताळ पाळतो, सध्या उपवासकाळ चालू आहे, हेही त्यांनी सांगितले. पुढे भेटायला आलेल्यांनी रोमच्या प्रमुखाविषयी आणि धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याविषयी चौकशी केली. भाविकांनी धर्मगुरूची परीक्षा घेतली, असा हा प्रसंग. आपल्या पूर्वजांनी सांगितलेले गुरू हेच काय, हे ताडून पाहण्याइतका ठेवा त्यांच्यापाशी शाबूत होता.

या आनंदाची किंमत त्यांना लगेच मोजावी लागली. बंदी अजून उठली नव्हती. आपल्या मृतांना बौद्ध विधींविना मूठमाती देण्यास त्यांनी सुरुवात केली आणि जुलै १८६७ मध्ये धरपकड झाली. सरकार बदलले, छळ थांबला नाही. १८६८ ते १८७० या काळात उराकामीच्या ३,३०० हून अधिक माणसांना, तान्ह्या मुलांसह, दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यात आले. त्सुवानो येथे काहींना कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या तळ्यात उतरविण्यात आले. ६०० हून अधिक जण परत आले नाहीत. ज्यांच्या पूर्वजांनी प्रतिमेवर पाय ठेवला होता, तेच हे लोक. यावेळी बहुतेकांनी नकार दिला. हद्दपारीला ते 'प्रवास' म्हणत. परदेशांतून निषेध होऊ लागल्यावर फेब्रुवारी १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरविण्यात आले आणि उरलेले लोक ओसाड शेतांकडे परतले.

ज्या गावप्रमुखाच्या वाड्यात त्यांना प्रतिमा तुडवावी लागे, तीच जागा त्यांनी विकत घेतली. १८९५ मध्ये तेथे मोठ्या चर्चचे काम सुरू झाले आणि १९१४ मध्ये ते उपासनेस खुले झाले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब या चर्चपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर फुटला. धर्मग्रामातील अदमासे १२,००० भाविकांपैकी ८,५०० मरण पावले. आत पापांगीकारासाठी थांबलेले भाविक व दोन धर्मगुरू एकत्रच गेले. १९५९ मध्ये उरलेल्यांनी चर्च पुन्हा उभे केले.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला, तेव्हा युरोपीय धर्मगुरू निघून गेले आणि मठ ओस पडले. मराठी अमलात आपल्या पूर्वजांना जपानसारखा छळ सोसावा लागला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तरीही मूठभर एतद्देशीय धर्मगुरूंच्या सोबतीने श्रद्धा टिकविली ती शेतात राबणाऱ्या, मासे विकणाऱ्या, संध्याकाळी अंगणात जपमाळ म्हणणाऱ्या माणसांनीच. त्यांची नावे कोणत्याही संगमरवरी फलकावर नाहीत.

चर्चच्या वर्धापनदिनी आम्ही व्यासपीठावरून देणगीदारांचे, पाहुण्यांचे, कंत्राटदाराचे आभार मानतो. ते योग्यच आहे. पण आम्ही उशिरा पोहोचतो तेव्हा जपमाळ सुरू करणारी आजी, मुलाला बोट धरून क्रुसाची खूण शिकविणारा बाप, चुकून, पडून पुन्हा मिस्सेला येणारा माणूस, यांचे आभार मानायचे राहून जातात. आम्हां धर्मगुरूंना श्रद्धा प्रथम मिळाली ती अशाच एखाद्या मांडीवर. उराकामीच्या निमित्ताने हे ऋण आम्ही मान्य करतो आणि आमच्या धर्मग्रामातील सर्व आबालवृद्धांना कृतज्ञतेने वंदन करतो.