दोन तबकड्या, एक मैफल

मनुष्यास दोन कान कशासाठीं असावेत, हा प्रश्न वरवर बालिश वाटतो. परंतु गाणें तबकडीवर उतरविण्याच्या विद्येचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे त्याचें मोल कळतें. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानांत आधीं पोंचतो, डाव्या कानांत किंचित् उशिरां. हा उशीर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी. पण तेवढ्यावरून आपलें मन आवाजाची दिशा ओळखतें. एकाच मायक्रोफोननें टिपलेल्या गाण्यांत हा भेद उरत नाहीं. गवई, तबलजी आणि पेटीवाला हे जणूं एकाच बिंदूंत दाटीनें बसतात.

ही उणीव लोकांच्या ध्यानांत लवकर आली होती. १८८१ सालीं पॅरिस येथें विजेचें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें, त्या वेळीं क्लेमां आदेर या फ्रेंच यंत्रज्ञानें तेथील ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे ध्वनिग्राहक मांडले आणि तारांच्या द्वारें आवाज प्रदर्शनाच्या इमारतींत आणला. ऐकणारा दोन्ही कानांना एक एक टेलिफोन लावी; त्यामुळें नट इकडून तिकडे गेला कीं तें न पाहतांहि कळे. पुढें १४ डिसेंबर १९३१ रोजीं इंग्लंडांत ई. एम. आय. कंपनीचा यंत्रज्ञ अ‍ॅलन ब्लमलाइन यानें पेटंटासाठीं अर्ज केला. तबकडीवरील एकाच खांचेच्या दोन भिंतींवर दोन निरनिराळे आवाज कोरण्याची युक्ति त्यांत होती. यालाच आपण आज स्टीरिओ म्हणतों. १९४२ च्या जूनमध्यें रडारच्या चांचणीसाठीं उडालेलें विमान कोसळून तो वयाच्या ३८ व्या वर्षीं मरण पावला. स्टीरिओ तबकड्या बाजारांत सर्रास मिळूं लागल्या त्या १९५८ च्या सुमारास.

मग १९५८ पूर्वींचें सारें संगीत एकाच कानाचें राहिलें काय? बहुतांशीं होय. परंतु त्यास एक विलक्षण अपवाद आहे. त्या काळीं गाणें प्रथम मेणाच्या जाड चकतीवर कोरीत. एक मेण बिघडलें तर दुसरें हाताशीं असावें, म्हणून कंपन्या पुष्कळदां दोन यंत्रें एकाच वेळीं चालवीत. १९३२ च्या फेब्रुवारींत व्हिक्टर कंपनीनें न्यूयॉर्क येथें ड्यूक एलिंग्टन याच्या वाद्यवृंदाचें मुद्रण केलें, तेव्हां दोन यंत्रांना निरनिराळ्या जागीं ठेवलेले दोन मायक्रोफोन जोडलेले होते. दोहोंच्या प्रती शिल्लक राहिल्या. सुमारें पन्नास वर्षांनीं कांहीं संग्राहकांना आढळलें कीं, या दोन प्रतींत वादन अगदीं तेंच आहे, पण वाद्यांचा जवळ-दूरपणा निराळा आहे. त्यांनीं एक प्रत डाव्या कर्ण्यास आणि दुसरी उजव्या कर्ण्यास दिली, आणि १९३२ सालचा वाद्यवृंद त्यांच्यापुढें पसरून बसला! एलिंग्टन १९७४ सालींच वारला होता. आपल्या वादनाचें हें रूप त्यास ऐकावयास मिळालें नाहीं.

हें काम आज संगणकावर होतें. एक मुद्रण डावीकडे, दुसरें उजवीकडे ठेवावयाचें, इतकें तें दिसावयास सोपें आहे. खरी अडचण वेळेची. दोन यंत्रांची गति तंतोतंत सारखी नसते. एक प्रत सेकंदाच्या हजाराव्या भागानें पुढें गेली तरी सारा वाद्यवृंद त्या बाजूस कलतो. म्हणून पडद्यावर दोहोंच्या ध्वनिलहरी पाहून, आरंभापासून अखेरपर्यंत ठिकठिकाणीं जुळवून घ्याव्या लागतात.

येथेंच प्रामाणिकपणाची कसोटी लागते. सर एडवर्ड एल्गार यांनीं ११ एप्रिल १९३३ रोजीं लंडन येथें आपली ‘कॉकेन’ ही रचना मुद्रित केली, तिच्या एका भागाचीं अशींच दोन मेणें मिळालीं. तीं दोन मायक्रोफोनांचीं, कीं एकाच मायक्रोफोनचा आवाज दोन यंत्रांकडे नेलेला, याविषयीं जाणकारांत वाद झाला. कारण मायक्रोफोन एकच असेल तर दोन प्रतींतील भेद केवळ खरखरीचा आणि गतीच्या चढउताराचा. त्या भेदालाहि कान फसतो आणि विस्ताराचा भास होतो. याची परीक्षा अशी कीं, प्रती नीट जुळवून एकींतून दुसरी वजा करावी. संगीत जवळजवळ नाहींसें होऊन खरखरच उरली, तर मूळ एकच होतें असें समजावें.

१९६० नंतरच्या दशकांत तर जुन्या एकेरी मुद्रणांतील उंच स्वर एका बाजूस, खालचे दुसऱ्या बाजूस ढकलून आणि एका बाजूस थोडा उशीर देऊन त्यांस स्टीरिओ म्हणून विकण्यांत आलें. त्यांत मैफलीची जागा परत आली नाहीं. मूळ आवाज मात्र विसविशीत झाला.

आपल्या घरांतील जुन्या गवयांच्या रेकॉर्डींचें नवें रूप करवून घेतांना हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. मूळ एकच असेल तर दोन्ही कर्ण्यांतून तोच आवाज येऊं द्यावा. गवई मधोमध बसून गाईल, आणि तो जसा टिपला गेला तसाच राहील. मात्र एकाच गाण्याच्या दोन तबकड्या हातीं आल्या, तर एक जादा म्हणून टाकून देण्यापूर्वीं दोन्ही लक्षपूर्वक ऐकाव्या. व्हिक्टर कंपनीनें दुसरें मेण बिघाडाच्या भीतीनें ठेवलें होतें. त्या मैफलीचा दुसरा कान त्यामुळेंच वांचला.